वजनाचा वाटा

तू आधी तो मोबाइल पालथा ठेव आणि नुसतं ऐक. मधे "असं कसं होईल" म्हणायचं नाही. झालंय म्हणून तर सांगतेय.

आमच्या गल्लीतली वैजूमावशी, वैजयंता चौगुले, तुला माहितीये. आडव्या हाडाची, चालायला लागली की गल्ली अरुंद वाटते, हसली की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडतात. नवरा ट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरी. ती नदीपलीकडच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्रेन चालवते. म्हणजे तीस फूट वर काचेची केबिन, त्यात ही बसलेली, आणि खाली लोंबकळणारी लॅडल. लॅडल म्हणजे मोठी बादली समज, पण तिच्यात दोन टन वितळलेलं लोखंड. तिथे सगळे त्याला "रस" म्हणतात, गुऱ्हाळावर म्हणावं तसं सहज. तो रस भट्टीपासून साच्यांपर्यंत न हिंदकळता न्यायचा. खाली माणसं उभी असतात गं. अठरा वर्षं तिनं हे काम केलं आणि एकाच्याही अंगावर ठिणगी उडू दिली नाही.

आता त्या "वाटेकरी"बद्दल. आपण दहावीत होतो तेव्हा आला तो, आठवतंय? कंपनीनं त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण कामगारांनी पहिल्याच आठवड्यात नाव पाडलं वाटेकरी, कारण तो वाटे पाडतो. गेटवर बसवलेलं मशीन, त्याला एक लोखंडी पाट. सोमवारी सकाळी त्यावर उभं राहायचं, दंडाला पट्टी बांधायची, मग दोन मिनिटं गप्प बसायचं. तो तुझं वजन घेतो, बीपी घेतो, अंगात चरबी कुठे कुठे आहे ते बघतो, आणि सांगतो की तुझ्या बीपीतला किती वाटा तुझ्या वजनाचा आहे आणि किती दुसऱ्या कशाचा.

शास्त्र खोटं नाहीये हं, हे आधीच सांगते. वजन वाढलं की शरीर मोठं होतं, सगळीकडे रक्त पोचवायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. पोटातली चरबी मूत्रपिंडांभोवती साचते, त्यांना दाबते, आणि दाबलं गेलेलं मूत्रपिंड मीठ बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतं. मीठ राहिलं की पाणी राहतं, पाणी राहिलं की नळ्यांमधला दाब वाढतो. म्हणून पुष्कळ लोकांचं वजन उतरलं की बीपी उतरतं. साधारण किलोमागे एक पॉइंट म्हण. पण ही सरासरी झाली. सरासरी म्हणजे तू नाहीस, मी नाही. आणि बीपी वाढायला वजन सोडून दुसरी दहा कारणं असतात, ती बारीक माणसालाही असतात आणि जाड्यालाही.

वाटेकरी हुशार कुठे होता, तर तो त्याच कारखान्यातल्या माणसांवरून शिकायचा. ह्याचं तीन किलो उतरलं तर बीपी किती उतरलं, त्याचं किती. हजारो सोमवार मोजून तो नियम काढायचा आणि तो नियम सगळ्यांना लावायचा. पहिल्या वर्षी खरंच बरं झालं. भट्टीवरचा एक माणूस आधी कामावरच कोसळला होता, तसं पुन्हा झालं नाही. लोक चालायला लागले, भज्यांचा घाणा बंद झाला.

मग नियम आला. तुझ्या बीपीत वजनाचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर तो आजार नाही, ती तुझी सवय. सवयीला मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी नाही. विमा नाही, तपासण्या नाहीत. आधी वजन उतरव. सहा महिन्यांत उतरलं नाही तर धोक्याचं काम बंद. आणि वजन उतरूनही बीपी हटलं नाही तर? त्यासाठी त्यांनी एक शब्द ठेवला होता. असहकार. म्हणजे तू चोरून खातेस, मीठ खातेस, गोळ्या घेत नाहीस, एकूण तू खोटारडी आहेस.

वैजूमावशीची पाळी नियम आल्यावर वर्षानं आली, तिचं बीपी चढलं तेव्हा. वजन त्र्याण्णव, बीपी एकशे सत्तर. वाटा चौऱ्याण्णव टक्के.

त्या दिवसापासून सगळ्यांना तिचं ताट दिसायला लागलं. कॅन्टीनमध्ये तिच्या कार्डावर लाल पट्टी, वाढप्याला आधीच मशीन सांगायचं की हिला भात नको, हिला पापड नको. दुधी भोपळ्याचं पाणी आणि अर्धी भाकरी. मागं रांगेत उभी असलेली पोरं म्हणायची, मावशी, आमच्यातला एक तुकडा देऊ का, मशीन बघत नाही. ती हसायची. पण हे चेष्टेवारी नेणारे बरे, समजूत घालणारे वाईट. देशमाने म्हणून एक कल्याण अधिकारी होता, गोड आवाजाचा. तो दर आठवड्याला तिला बोलवायचा आणि विचारायचा, ताई, मनात काही ताण आहे का, त्यामुळे खाल्लं जातं का. हिनं सांगितलं, साहेब, माझ्या पायात गोळे येतात, हात जड पडतात, आणि लघवीला पुन्हा पुन्हा जावं लागतं, केबिनमधून तीस फूट खाली उतरून. त्यानं ते सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, वजन उतरलं की हे सगळं जाईल. प्रत्येक गोष्टीला तेच उत्तर. बाईचा उद्या दात दुखला असता तरी वजनच निघालं असतं.

तिनं उतरवलं, ऐक. पाच महिन्यांत सहा किलो, घाम गाळून, पंचगंगेच्या घाटापर्यंत रोज चालत जाऊन. बीपी एकशे अडुसष्ट.

आता तिचा भाऊ. सर्जेराव. त्याच फाउंड्रीत कास्टिंग घासायच्या खात्यात आहे, कामगारांचा प्रतिनिधी आहे, आणि जवानीत चौऱ्याहत्तर किलोच्या गटात लढलेला पैलवान. अजून तालमीत पोरं घडवतो. आणि तालमीतल्या माणसाला एक विद्या येते जी तुला-मला येत नाही. वजन तोडणं. कुस्तीच्या आधी वजन होतं ना, त्यात आपल्या गटात बसायचं म्हणून पैलवान आदल्या दिवशी पाणी तोडतात, स्वेटरवर रेनकोट घालून बैठका मारतात, चिंच तोंडात धरून थुंकत राहतात. रात्रीत तीन-तीन, चार-चार किलो. वजन झालं की लिंबू-मीठ-पाणी प्यायचं आणि दुपारपर्यंत पहिल्यासारखं.

सर्जेरावानं आधी दोघा-तिघांची नोकरी वाचवायला ही विद्या शिकवली. मग दहा जण आले, मग वीस. वर्षभरात रविवारी संध्याकाळी तालमीत लाल मातीवर एकसष्ट माणसं रेनकोट घालून बैठका मारत होती, त्यात पन्नाशीचे फोरमन, त्यात स्टोअरमधल्या बायका. बाहेर कुणाला शंका नाही, कारण तालमीत घाम गाळला तर कोण काय म्हणणार. सोमवारी पाटावर सगळे हलके. आणि अंगातलं पाणी गेलेलं असलं की नळ्यांमध्ये रक्तच कमी, म्हणून बीपी पण खाली. गेटच्या आत पाऊल टाकलं की बाटली तोंडाला.

वैजूमावशी पहिल्यापासून नाही म्हणत होती. तिचं म्हणणं, मी खरंच उतरवते की. पण सहा महिने भरत आले, आणि सर्जेराव रोज यायचा, समजावायचा की बाई, फक्त एक सोमवार काढ, तुझी क्रेन गेली तर त्या केबिनमध्ये काल आलेलं पोरगं बसवतील. शेवटी एका रविवारी तिनं रेनकोट घातला.

सोमवारी पाटावर त्र्याऐंशी. अजून चार किलो कमी. बीपी एकशे सहासष्ट.

देशमानेनं हळहळून मान हलवली आणि ती वर चढून कामाला लागली. पहिली लॅडल उचलली, भट्टीपासून निम्म्या वाटेवर आली, आणि तिचा उजवा हात गेला. दुखला नाही, मुंग्या आल्या नाहीत. बोटं दांड्यावर ठेवलेली, पण ती तिची राहिली नाहीत. खाली आठ माणसं आणि वर दोन टन रस झुलतोय. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, दुसऱ्याचा हात धरावा तसं, आणि तो दांडा इंच इंच मागं ओढला. लॅडल रिकाम्या जागेवरच्या स्टँडवर टेकली. शिडी उतरताना पायही गेले. सर्जेरावानंच तिला खाली घेतलं.

तिला जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे फरीदा मुजावर म्हणून एक डॉक्टर आहे, आपल्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी. तिनं काय केलं माहितीये? प्रश्न विचारले. बस्स. पायात गोळे कधीपासून, लघवीला कितीदा जाता, घरात कुणाला लहान वयात बीपी होतं का. आणि रक्त काढलं. अंगातलं पोटॅशियम दोन पूर्णांक पाच, साडेतीनच्या खाली जायला नको असतं. पोटॅशियमवर स्नायू चालतात, हृदयही चालतं. डॉक्टर म्हणाली, अजून थोडं उतरलं असतं तर हात नाही, काळीज थांबलं असतं.

मग तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते. तिच्यात कधीकधी वाटाण्याएवढी गाठ होते. ती गाठ एक रस सोडते, जो मूत्रपिंडाला सांगत राहतो, मीठ धरून ठेव, पोटॅशियम फेकून दे. मीठ राहिलं की बीपी चढतं, पोटॅशियम गेलं की हातपाय लुळे. ह्याचा वजनाशी काही संबंध नाही. कितीही बारीक व्हा, गाठ आपलं काम करत राहणार. आणि पाणी तोडून घाम गाळला, चिंच थुंकली, की उरलंसुरलं अंगही कोलमडतं.

वैजूमावशीनं तो कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे मी चोरून खात नव्हते."

डॉक्टरला कळेना हिला रडू का येतंय.

गोळ्या दिल्या, त्यांनी काही दिवस निभणार होतं. पण गाठ कुठल्या बाजूला आहे ते शोधायला शिरेत बारीक नळी घालून तपासावं लागतं, ते मोठ्या दवाखान्यातच होतं, आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी वाटेकरीला जोडलेल्या कॉम्प्युटरवरून निघते. डॉक्टरनं नाव टाकलं. चिठ्ठी नामंजूर. वजनाचा वाटा चौऱ्याण्णव, शेरा असहकार. रक्ताचा रिपोर्ट जोडला, तरी नामंजूर, कारण उपाशी राहूनही पोटॅशियम उतरतं. अगं, आधी बाईला उपाशी ठेवायचं आणि मग म्हणायचं, उपाशी आहेस म्हणून तुझा रिपोर्ट धरत नाही.

डॉक्टर चिडली आणि तिनं वाटेकरीचा नियमच उघडून बघितला. तो सगळ्यांना बघता येतो, बघत कुणी नाही. त्यात लिहिलेलं, किलोमागे तीन पॉइंट. ती म्हणाली, हे शक्यच नाही, जगात कुठे एवढं उतरत नाही, तुमच्या कारखान्यात माणसं आहेत की फुगे? आणि हाच नियम वाटेकरी बनवणाऱ्या कंपनीनं आणखी चाळीस कारखान्यांना विकलाय. म्हणजे चाळीस ठिकाणी ज्याचं बीपी किलोमागे तीननं उतरत नाही तो चोर ठरतोय, आणि त्यातल्या किती जणांना गाठ आहे, किती जणांचं मूत्रपिंड बिघडलंय, कुणी बघणार नाही.

वैजूमावशीला तिथेच उलगडलं. तीन पॉइंट कुठून आले ते तिला ठाऊक होतं. ते तालमीतून आले होते. एकसष्ट माणसांच्या घामातून यंत्र शिकलं की वजन उतरलं की बीपी धाडकन उतरतं. बाकीच्यांची नोकरी वाचवणाऱ्या विद्येनंच तिला खोटी ठरवलं होतं.

ती घरी आली आणि सर्जेरावाला बोलावून घेतलं. तो सोप्यावर बसला, हिनं सगळं सांगितलं, गाठीचं, तीन पॉइंटांचं, चाळीस कारखान्यांचं. म्हणाली, चिठ्ठीच्या तक्रारी ऐकणारी कारखान्याची समिती आहे, आपण सगळे मिळून तिच्यापुढं जाऊ, खरं काय ते सांगू, एवढ्या जणांना एकदम कसे काढतील. तो मान खाली घालून ऐकत होता.

"काढतील," तो म्हणाला. "वजन खोटं दाखवलं तर त्याच दिवशी बाहेर, लिहिलंय नियमात. एकसष्ट घरं हायेत, वैजे. मी शिकवलं त्यांना."

"आणि मी?"

"तुझं मी बघतो. जमीन विकतो. मुंबईला न्हेतो तुला, खासगीत."

"मला न्हेशील. त्या चाळीस कारखान्यातल्या बायांना कोण न्हेणार?"

"त्या माझ्या कोण लागतात?"

"दादा, त्यांच्या बीपीत त्यांच्या वजनाचा नाही, तुझ्या तालमीतल्या घामाचा वाटा निघालाय."

तो उठला. दारात थांबून एवढंच म्हणाला, "तू बोललीस तर मला समोर बसून ऐकावं लागंल, ध्यानात ठेव." कारण प्रतिनिधी म्हणून समितीत तोच होता ना.

तिनं तक्रार टाकली, सुनावणी गुरुवारी होती. एका बाजूला देशमाने, कारखान्याचा मॅनेजर, सर्जेराव, आणि पडद्यावर वाटेकरी बनवणाऱ्या कंपनीचा कुणी इंजिनिअर. वैजूमावशीनं पाट मागवला, मीटिंग हॉलमध्येच. त्यावर उभी राहिली. शहाऐंशी. मग पिशवीतून लिटरची बाटली काढली आणि तिथेच उभ्या उभ्या सगळी प्यायली, सगळे बघत होते. सत्त्याऐंशी.

"एका मिनिटात मी किलोनं जाड झाले, साहेब," ती म्हणाली. "आता सांगा, ह्यात सवय कुठली?"

इंजिनिअर हसला. म्हणाला, ताई, पाण्याचं आम्हाला माहितीये, एखाद्या माणसानं असं केलं तर नियमात फरक पडत नाही. पुष्कळ माणसांनी दर आठवड्याला मुद्दाम केलं तरच पडतो. आणि मग त्यानं विचारलं, तसं कुणी करतं का?

देशमाने वहीत काहीतरी लिहायचा थांबला. सर्जेराव टेबलाकडे बघत होता.

ती म्हणू शकली असती, मी एकटीच केलं. तिच्या ओठांवर आलं होतं ते, तिनंच नंतर आईला सांगितलं. पण मी एकटीच म्हटलं की तीन पॉइंट तसेच राहणार. तिची चिठ्ठी गेली, चाळीस कारखान्यांची गेली, आणि तालमीतली माणसं पुढच्या सोमवारी पुन्हा तहानलेली भट्टीपुढं उभी राहणार, आणि एक दिवस त्यांतलाच कुणीतरी रसाच्या बाजूला कोसळणार.

"एकसष्ट जण करतात," ती म्हणाली. "वर्षभर. बासष्टावी मी."

नावं तिनं सांगितली नाहीत. सांगायला लागलीच नाहीत. एकदा आकडा कळला की सोमवारी दुपारी सगळ्यांना पुन्हा पाटावर उभं करायचं, आत येऊन कुणाचं वजन वाढलं ते शोधायला यंत्राला अर्धा तास पुरतो.

बासष्टच्या बासष्ट घरी बसवले. तिलाही. युनियननं कोर्टात घासाघीस केली, चार महिन्यांनी एकोणचाळीस परत घेतले. तेवीस गेले ते गेलेच, त्यात सर्जेराव. वाटेकरीचा नियम बदलला, किलोमागे एक झाला, "असहकार" शब्द काढला. वैजूमावशीचा वाटा निघाला अकरा टक्के. चिठ्ठी मिळाली. डाव्या बाजूची गाठ काढली, खरंच वाटाण्याएवढी. आता बीपी एकशे बावीस, आणि वजन? नव्वद. जाडच आहे ती, तशीच, आणि ठणठणीत आहे.

आणि मला संताप कशाचा येतो सांगू? कंपनीनं नवीन नियमाची जाहिरात केली. आता अधिक अचूक, म्हणे. देशमानेला बढती मिळाली, कारण घोळ त्याच्या कारकिर्दीत उघडकीला आला. मशीनवर एक माणूस चिडला नाही गं. ज्यांनी एका बाईला इतके महिने चोर ठरवलं त्यांच्या दारात कुणी गेलं नाही. सगळे चिडले तिच्यावर. गल्लीत तिला बघून बायका दार ओढून घेतात. ती परत क्रेनवर गेलीये, पण खालचा खुणा करणारा माणूस तिच्याकडे बघत नाही, नुसता हात वर करतो. आणि ह्या दिवाळीला भाऊबीजेला सर्जेराव आला नाही. तिनं दुपारपर्यंत ताट मांडून ठेवलं, मग आवरून ठेवलं, आणि संध्याकाळी तालमीत जाऊन त्या मातीच्या कडेला उभी राहिली. तो आत पोरांना डाव शिकवत होता. त्यानं तिला पाहिलं, पाठ फिरवली, आणि पोरांना म्हणाला, पाणी प्या रे, पोटभर प्या.

माझी आई म्हणते तिनं गप्प बसायला हवं होतं, भावानं मुंबईला नेलं असतं की. माझा भाऊ म्हणतो तिनं बरोबर केलं, पण आधी त्या एकसष्ट जणांना सांगायला हवं होतं. मला काही सुचत नाही, मला नुसता राग येतो. तू सांग आता, बोल. त्या हॉलमध्ये, समोर सख्खा भाऊ बसलेला, आणि कुणीतरी हसत विचारतंय, तसं कुणी करतं का? तू असतीस तर काय केलं असतंस?